हैदराबादच्या चार दिवसांसाठी एक बॅग

बारा वर्षांपूर्वी आम्ही उदगीरहून पहिल्यांदा सहकुटुंब हैदराबादला गेलो. चार दिवसांसाठी आमच्याकडे तीन मोठ्या सुटकेस, दोन पिशव्या आणि जेवणाचा एक चार खणी डबा होता. माझे एकटीचे आठ सूट होते, त्यातले तीन जरीचे. का, तर टोलीचौकीला ह्यांचे नातेवाईक राहतात आणि हैदराबादचे लोक कपड्यांवरून माणूस ओळखतात, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आपल्या मराठवाड्यातल्या लोकांना ते 'अजला के लोग' म्हणतात. अजला म्हणजे जिल्हे. शब्द साधाच आहे, निजामाच्या राज्यात आपण खरोखर जिल्हेच होतो, पण म्हणण्याचा सूर असा असतो की ऐकणारीने आपोआप ओढणी सारखी करावी.

निघायच्या आदल्या रात्री माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो, आपली रोजची चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या कडेला ठेवली होती. टाचेपाशी झिजलेली, अंगठ्याजवळ एकदा शिवून घेतलेली. त्या वजूला गेल्यावर मी ती हळूच काढली आणि दिवाणाखाली सारली. नातेवाइकांच्या दारात एवढ्या सगळ्या चपलांमध्ये ती पडलेली दिसेल, याची मला लाज वाटली. त्यांच्यासाठी मी नवी सँडल घेतली होतीच.

त्या सँडलने पहिल्याच दिवशी लाड बाजारात अम्मांच्या दोन्ही टाचा सोलल्या. तिसऱ्या दिवशी गोवळकोंड्याला अम्मा खालीच बसल्या. वर बालाहिसारपर्यंत सुमारे 360 पायऱ्या आहेत. "तुम जाओ, मैं यहींच बैठतूं," म्हणाल्या. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वरपर्यंत ऐकू जाते, हे तुम्हाला माहीत असेल. अम्मांनी नातीसाठी खालून टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, ती वरून हात हलवत राहिली. अम्मांनी चपलेबद्दल मला कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या जाऊन आता सहा वर्षं झाली. गोवळकोंडा त्यांनी खालूनच पाहिला.

मागच्या डिसेंबरात पुन्हा हैदराबादचं ठरलं. या वेळी आम्ही दोघं, एकोणीस वर्षांची झालेली मुलगी आणि ह्यांच्या खाला, म्हणजे अम्मांची धाकटी बहीण. वय अडुसष्ट. मी सगळ्यांना एकच अट घातली: प्रत्येकाची एक बॅग, आणि ती ज्याची त्याने स्वतः उचलून गाडीत चढवायची. वजन सात किलो. घरात काटा नव्हता म्हणून गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे बॅगा नेऊन मोजल्या. तो हसला, पण त्याने मोजून दिल्या. खालांची बॅग सर्वांत हलकी भरली, पाच किलोला थोडी कमी. मुलीची पहिल्या फेरीत अकरा.

बॅग भरायला बसण्याआधी मी एक गोष्ट केली, ती सगळ्या भगिनींना सांगावीशी वाटते. कपाट उघडलं नाही, वही उघडली. चार दिवसांत कुठे किती चालायचं, कुठे बसायचं, नमाजच्या वेळी कुठे असू, संध्याकाळी कोणाकडे दावत आहे, हे आधी लिहिलं. सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात. म्हणजे म्युझियम गुरुवारी, शुक्रवारी मक्का मस्जिदीत ह्यांचा जुमा, मग लाड बाजार आणि रात्री दावत. शनिवारी गोवळकोंडा आणि कुतुबशाही मकबरे. रविवारी परत. एवढं कागदावर आल्यावर कळलं की जरीचा सूट घालायचे मोजून तीन तास आहेत. बाकी सगळा वेळ पायावर. आणि डिसेंबरात हैदराबादची हवा दोन प्रकारची असते. सकाळी 15 अंशांच्या आसपास, दुपारी 28 पर्यंत. जाड स्वेटर दिवसभर हातात वागवावा लागतो. पातळ कपड्यावर पातळ कपडा आणि वर शाल, हे जास्त कामाचं.

आपण बायका घराबाहेर दिवसातले दहा तास बुरख्यात किंवा अबायात असतो. तरी खरेदी करताना पैसा आणि विचार आतल्या सूटवर खर्च होतो, वरचा अबाया मात्र "चालतो की अजून" या यादीत. मी या वेळी उलटं केलं. आतले कुर्ते जुनेच, सुती. अबाये दोन: एक रोजचा, एक दावतीचा. रोजचा निदा कापडाचा, गडद निळा. रात्री धुवून पंख्याखाली टाकला तर सकाळी वाळलेला मिळतो आणि सुरकुती धरत नाही. फक्त इस्त्री कडक गरम लावू नका, कापडावर चकाकी येते आणि ती जात नाही. दावतीचा क्रेपचा, काळा, बाहीवर त्याच रंगाच्या धाग्याची कशिदा. खडे आणि मणी मी मुद्दाम टाळते. दुकानात सुंदर दिसतात, पण खांद्यावरच्या पर्सच्या पट्ट्याखाली एकेक खडा सुटत जातो आणि चौथ्या दिवशी अबाया उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो.

बाहीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्या जणी फसतात. वजू करायचा म्हणजे बाही कोपराच्या वर गेली पाहिजे. आजकाल मनगटाला घट्ट, खाली चार शोभेची बटणं, अशा बाह्या येतात. म्युझियमच्या वॉशरूममध्ये मागे रांग लागलेली असताना ती बटणं सोडून पाहा! माझ्या मुलीच्या नव्या कुर्त्याची बाही कोपरापर्यंतसुद्धा जाईना. तिने दुकानातून आणल्यापासून तो एकदाही घालून वजू केला नव्हता. तो घरी राहिला. फुलपाखरी रुंद बाही हे दुसरं टोक. वजूला सोपी, पण बिर्याणीच्या थाळीत पहिली तीच उतरते. मनगटाला हलकं इलॅस्टिक असलेली साधी बाही सर्वांत बरी, वर सारली की जागेवर राहते.

लांबीचंही तसंच. अबाया शिवायला दिला तेव्हा तुम्ही पायात काय घातलं होतं? बहुतेक जणी उंच टाचेच्या सँडलवर माप देतात आणि प्रवासात सपाट बूट घालतात. मग दीड इंच कापड जमिनीवर लोळतं. हैदराबादच्या मेट्रोत सरकते जिने आहेत, तिथे लोळणारी कडा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मी प्रवासाचे बूट पायात घालून आरशासमोर उभी राहिले आणि कडा घोट्यापर्यंत उचलून टाके घातले. परतल्यावर उसवता येतात. आतल्या बाजूने डावीकडे एक खिसा शिवला, तिकिटं आणि मोबाइलसाठी. गाडीच्या अरुंद संडासात अबाया सांभाळणं किती अवघड जातं, हे प्रत्येकीला ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. त्यासाठी समोरून पूर्ण उघडणारा अबाया घ्या आणि पर्समध्ये एक रुंद इलॅस्टिकचा पट्टा ठेवा. कडा वर गोळा करून कमरेला पट्टा लावला की दोन्ही हात मोकळे. सोबत एक लहान प्लास्टिकची बाटली, लोट्याचं काम करायला.

आता मुलीची बॅग. तिचं म्हणणं असं की प्रत्येक ठिकाणी वेगळा पोशाख हवा, नाहीतर सगळे फोटो एकाच दिवसाचे वाटतात. मी आधी चिडले. पण मग तीच म्हणाली, "अम्मी, फोटोत दिसतं काय? चेहरा आणि स्कार्फ." आणि तिने गणित मांडलं. तीन कुर्ते, दोन सलवारी, चार स्कार्फ. सगळे रंग एकमेकांवर चालतील असे निवडले तर तीन गुणिले दोन गुणिले चार, चोवीस जोड्या होतात. गणिताच्या तासाला मी मुलांना हेच शिकवते, पण कपाटासमोर मला ते कधी सुचलं नव्हतं. तिने निळा, राखाडी आणि बदामी धरला. चार स्कार्फ मात्र चार तऱ्हेचे: एक गुलाबी, एक मोरपंखी, एक फुलांचा मलमली आणि एक काळा जर्सीचा. जर्सीला पिना लागत नाहीत, वजूनंतर दोन मिनिटांत पुन्हा बांधून होतो. शिफॉन सतत घसरतो, त्याला आत टोपी लागते आणि वरून चार पिना. पिनांऐवजी तिने लोहचुंबकाची बटणं आणली. मी नाक मुरडलं होतं, पण चारही दिवस तीच वापरली, मीसुद्धा.

बुटांबाबतही तिचंच ऐकावं लागलं. अबायाखाली पांढरे स्नीकर्स मला पटत नव्हते. शाळेच्या कवायतीला निघालेली बाई वाटते, असं माझं मत. पण मेट्रोत आणि म्युझियमात निम्म्या हैदराबादी मुली तशाच फिरत होत्या, आणि डौलात फिरत होत्या. माझे मात्र काळेच होते.

पुरुषांचं काम थोडक्यात उरकतं. ह्यांनी दोन पँट, तीन शर्ट, जुम्यासाठी पांढरा कुर्ता-पायजमा, टोपी आणि अत्तराची कुपी घेतली. दावतीसाठी त्याच कुर्त्यावर नेहरू जाकीट. अत्तराची कुपी मोज्यात घालून मोजा बुटात ठेवायचा, म्हणजे फुटत नाही आणि सांडली तरी बुटांचंच भलं होतं.

खाला साडी नेसतात, वर काळा बुरखा. आपल्या भागातल्या त्या पिढीच्या बऱ्याच जणींचा पोशाख हाच आहे. सिंथेटिक साडी बुरख्याखाली सरकते आणि पायरी चढताना पायात येते. म्हणून त्यांना दोन सुती साड्या दिल्या, नेसताना दोन बोटं वर, आणि परकराला चोरखिसा. पैसे बॅगेत ठेवणं त्यांना मंजूरच नसतं. दावतीला काय, हा प्रश्न होता. नवी साडी घेऊ म्हटलं तर त्या म्हणाल्या, "नक्को. मेरे पास हिमरू है." पेटीतून औरंगाबादची हिमरू शाल निघाली. सूत आणि रेशीम मिळून विणलेली, विटकरी रंगाची, चाळीस वर्षांची. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, म्हणून तीन दिवस सावलीत वारा दिला. शुक्रवारी रात्री दावतीत आम्हा सगळ्यांचे कपडे कोणी पाहिले नाहीत. यजमानीण बाई खालांच्या शालीचा काठ बोटांनी चाचपत बसल्या आणि ही कुठे मिळेल म्हणून विचारत राहिल्या. अजलाची शाल ती.

सूरह आराफमध्ये लिबासाची दोन्ही कामं एकत्र आली आहेत, अंग झाकणं आणि शोभा. त्याच सूरहमध्ये थोडं पुढे उधळपट्टीला नकारही आहे. नटणं म्हणजे दीनपासून दूर जाणं, असं मानणाऱ्या भगिनी मला भेटतात, आणि नटण्यापायी कर्ज काढणाऱ्याही भेटतात. मला दोघींचंही पटत नाही. एक जुनी चांगली शाल पुरते.

कपडे भरताना मी घड्या घालत नाही, गुंडाळ्या करते. सुती कुर्ते गुंडाळले की चुरगळत नाहीत आणि बॅगेत काय आहे ते एका नजरेत दिसतं. क्रेपचा अबाया मात्र सगळ्यांत वर, सैल घडी. मळलेल्या कपड्यांना उशीचा जुना अभ्रा. पातळ जानमाज घेतली नाही तरी चालते, मोठी स्वच्छ सुती ओढणी तेच काम करते, आणि थंडीत पांघरायला, गाडीत उशीला, खरेदी बांधायलाही येते. सुई-दोरा, सेफ्टी पिना, डोकेदुखीची गोळी, टाचेला लावायच्या पट्ट्या. बॅगेचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवायचा. हैदराबादहून कोणी रिकाम्या हाताने येत नाही. पत्थरगट्टीचं कापड आणि लाड बाजारच्या लाखेच्या बांगड्या यांना जागा लागते. बांगड्या मोज्यांत भरून कपड्यांच्या मधोमध ठेवल्या की एकही तडकत नाही.

गुरुवारी सालारजंग म्युझियममध्ये आम्ही 'व्हील्ड रेबेका'समोर बराच वेळ उभ्या होतो. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने 1876 मध्ये घडवलेली ही संगमरवरी बाई आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरचा पातळ पडदाही संगमरवराचाच. दगडातून चेहरा दिसतो! मुलगी म्हणाली, "हा शिफॉन मात्र घसरत नाही."

तिथून पुरानी हवेलीला गेलो. निजाम म्युझियम तिथे आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचं कपड्यांचं कपाट पाहायचं होतं. कपाट म्हणजे काय, हवेलीच्या एका बाजूची अख्खी लांबी! दोन मजली, लाकडी, आणि वरच्या मजल्यावर जायला हाताने फिरवायची लिफ्ट. निजामसाहेब एकदा घातलेला पोशाख पुन्हा घालत नसत, असं सांगतात. आणि त्यांचेच चिरंजीव मीर उस्मान अली खान, ज्यांचं चित्र 'टाइम'ने 1937 मध्ये जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, ते साध्या, वापरून जुन्या झालेल्या कपड्यांसाठी प्रसिद्ध. आमच्या घरातही दोन्ही प्रकार आहेत, म्हणून आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. खाला मात्र गंभीर होत्या. कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "इत्ते कपड्यां, इस्त्री कौन करता था की?" त्यांचा सारा जन्म सहा जणांचे कपडे धुण्यात गेला आहे. मला उत्तर देता आलं नाही.

शनिवारी पहाटे लवकर निघालो, ऊन चढायच्या आत गोवळकोंडा गाठावा म्हणून. खालांच्या बॅगेत मी निघण्याच्या रात्री सर्वांत आधी त्यांची जुनी चप्पल ठेवली होती. त्यांनी ती दोनदा बाहेर काढली. "लोगां क्या बोलेंगे?" मी तिसऱ्यांदा ठेवली. टोलीचौकीच्या दारात ती इतरांच्या चकचकीत बुटांच्या शेजारी तीन दिवस पडली होती. कोणी काही बोललं असेल तर माझ्या कानावर आलं नाही.

चढायला आम्हाला तासाहून जास्त लागला. दर वीस-पंचवीस पायऱ्यांना खाला बसायच्या, मग मुलगी पाण्याची बाटली पुढे करायची, मग पुन्हा उठायच्या. सुती साडी, दोन बोटं वर, हातात काही नाही. आमच्या मागून वर निघालेली शाळेची एक सहल बघून परत उतरायला लागली, तरी आम्ही चढतच होतो. वर बारादरीत पोचल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या. चप्पल काढून पाय लांब केले. खाली कोणीतरी टाळी वाजवली. मुलीने चटकन माझ्याकडे पाहिलं, तिला आठवत होतं.

तिथे बसूनच मी खालांना अम्मांच्या चपलेची गोष्ट सांगितली, बारा वर्षांत पहिल्यांदा. त्या थोडा वेळ शहराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मालूम है. आपा बोली थी मेरेकू." अम्मांना सगळं माहीत होतं. परत आल्यावर दिवाणाखाली चप्पल सापडली होती आणि त्यांनी ती गुपचूप घालायला सुरुवात केली होती. बहिणीला सांगितलं ते एवढंच, की बहू अजून लहान आहे.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे बॅग रिकामी करताना न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढल्या. प्रत्येक प्रवासानंतर हे करते, आणि ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवते, म्हणजे पुढच्या वेळी त्याच चुका भरल्या जात नाहीत. या वेळी यादी छोटी होती. ह्यांचा एक शर्ट, मुलीचा फुलांचा स्कार्फ, आणि माझ्या उंच टाचेच्या सँडल, ज्या मी रद्दीवाल्याच्या काट्यावर मोजून झाल्यानंतर गुपचूप बॅगेत घातल्या होत्या.